पहिले संकेतस्थळ कशाचे करावे? वारणेच्या ऊसनोंदीचा धडा

संकेतस्थळ-बांधणी शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे महिन्याभरातच एक अडचण उभी राहते. एचटीएमएलच्या खुणा पाठ झालेल्या असतात, सीएसएसने पानाला रंगरूप देता येऊ लागलेले असते, जावास्क्रिप्टची तोंडओळख झालेली असते. पण आता बनवायचे काय, हे सुचत नाही. शिकवणी वर्गांकडे याची ठरलेली उत्तरे आहेत. करावयाच्या कामांची यादी, गणकयंत्र, हवामान दाखवणारे पान. असंख्य विद्यार्थी हीच तीन-चार पाने बनवतात आणि पुढे मुलाखतीला जाताना तीच सोबत नेतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यापाठोपाठ आलेल्या साधनांनी या चित्रात मोठा फरक पडला. 'मला ग्रंथालयाचे संकेतस्थळ करून दे' एवढे एक वाक्य लिहिले की सारा सांगाडा काही मिनिटांत समोर येतो. सांगाडा उभा करणे ही अडचण त्यामुळे जवळपास संपली. मात्र तो कशासाठी उभा करायचा आणि तो बरोबर चालतो आहे हे ओळखायचे कसे, हे दोन प्रश्न पूर्वीइतकेच अवघड राहिले आहेत. त्यांचा विचार करताना कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा पाव शतकापूर्वीचा अनुभव फार उपयोगी पडतो.

सत्तर गावे, एक नोंद

पन्हाळा तालुक्यात, वारणा नदीच्या खोऱ्यात, तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकाराची ही वसाहत उभी राहिली. साखर कारखान्यापाठोपाठ दूध संघ, वारणा बझार, महिलांचा पापड उद्योग, शाळा-महाविद्यालये आली. १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. सभासद शेतकरी, कारखाना आणि गावोगावचे गट यांचे जाळे आधीच विणलेले असल्याने संगणकाच्या ग्रामीण प्रयोगासाठी वारणेची निवड होणे स्वाभाविक होते.

'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजेच एनआयसी, महाराष्ट्र शासन आणि वारणेच्या संस्था यांनी तो मिळून हाती घेतला. खर्चाचा अंदाज सुमारे अडीच कोटी रुपयांचा होता. त्यातील निम्मा वाटा केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि दहा टक्के वारणेच्या संस्थेने उचलायचा होता. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे डोळ्यांपुढे होती. गावात संगणक केंद्र असेल, तेथे शेतमालाचे बाजारभाव कळतील, पीकसल्ला मिळेल, सरकारी योजनांची माहिती आणि दाखले मिळतील, असा तो मोठा बेत होता. देशविदेशांतील अभ्यासक पुढे कित्येक वर्षे या प्रकल्पाचा दाखला देत राहिले.

प्रत्यक्षात पन्नासहून अधिक केंद्रे चालली, आणि चालली ती मुख्यतः एका कामासाठी. शेतकरी केंद्रावर येत तो आपल्या उसाची चौकशी करण्यासाठी. नोंद झाली का, तोडणीचा परवाना निघाला का, वजन किती भरले, खताची उचल किती झाली, बिल किती निघाले. बाजारभाव आणि पीकसल्ला मागे पडले, महाजाल तर फारच मागे. बेत आखणाऱ्यांना हे अपयश वाटले असेल. पण वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याने आपल्याला हवे तेवढे अचूक उचलले होते. उसाच्या नोंदीवर त्याचा वर्षाचा पैसा अवलंबून होता.

यापुढची गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यसोधर आणि केंटारो टोयामा या संशोधकांनी केंद्रांवरचा व्यवहार बारकाईने पाहिला. संगणकावर प्रत्यक्षात जे घडते ते एवढे थोडे आहे की साध्या मोबाइलच्या लघुसंदेशात मावेल, असे त्यांच्या ध्यानात आले. मग 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग झाला. ठरावीक साच्यात संदेश पाठवायचा. कारखान्याकडील संगणकाला जोडलेला मोबाइल तो घेणार आणि नोंद पाहून उत्तर धाडणार. सात गावांत आठ महिने ही चाचणी चालली. जुन्या व्यवस्थेतली सारी कामे तिने केली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची व पसंत पडली, असे संशोधकांनी आपल्या निबंधात नोंदवले. हा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

एवढ्या मोठ्या यंत्रणेचा गाभा एका संदेशात मावला, तो आधी कोणीतरी पाहिला म्हणून. पहिल्या प्रकल्पाची निवड करताना विद्यार्थ्याने करायचे कामही हेच आहे: आपल्या घरातली किंवा गावातली अशी एक नोंद शोधायची, जी चुकली तर कोणाला तरी ताबडतोब कळेल.

सांगाडा कसा तयार होतो

आता सांगाड्याविषयी. 'प्रारंभिक प्रकल्प' तयार करणारी साधने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फार आधीपासून आहेत. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 'रुबी ऑन रेल्स' प्रसिद्ध केले. त्यातील 'स्कॅफोल्ड' म्हणजे परांचीची आज्ञा गाजली. इमारत बांधताना गवंडी बांबूची परांची बांधतात, तशी. नोंदीचे नाव आणि तिचे रकाने सांगितले की साठवणीची जागा, नोंद भरण्याचे पान, यादीचे पान, दुरुस्तीचे पान असे सारे एका दमात तयार होई. पायथनमधील 'जँगो'तही प्रकल्प सुरू करणारी आज्ञा आहे. रिअ‍ॅक्ट शिकणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते अधिकृतपणे निवृत्त करण्यात आले. आज बहुतेकजण इव्हान यू यांचे 'वीट' वापरतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ जलद असा आहे; मराठी वाचकाला घराची वीट आठवली तरी बिघडत नाही.

या साधनांच्या पोटात जादू नाही. आधी लिहून ठेवलेल्या धारिकांचा एक साचा असतो, त्यात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, आणि विद्यार्थ्याने दिलेले नाव व पर्याय त्या जागी भरून धारिका ठरल्या कप्प्यांत मांडल्या जातात. कारखान्याच्या छापील पावतीपुस्तकासारखाच हा प्रकार होय. तीस-चाळीस ओळींत असे साधन स्वतः लिहिता येते. प्रकल्पाचे नाव विचारायचे, त्या नावाचा कप्पा उघडायचा, त्यात एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची एकेक धारिका ठेवायची, पहिल्या धारिकेत शीर्षकाच्या जागी दिलेले नाव घालायचे. दुसऱ्या सत्रातील विद्यार्थ्याने एकदा हे करून पाहिले तर पुढे कोणत्याही तयार सांगाड्याचा त्याला बाऊ वाटणार नाही.

तयार सांगाड्याचा खरा तोटा निराळा आहे. त्यात शेकडो बाहेरच्या संचांची भरती होते. स्वतः लिहिलेल्या दहा ओळी त्या गर्दीत हरवतात आणि काही बिघडले तर चूक आपली की साच्याची, हे नवख्याला उमगत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेतलेल्या प्रकल्पात तर ही अडचण दुणावते, कारण तेथे पान बरोबर दिसते आणि आतला हिशेब चुकलेला असू शकतो. म्हणून पहिल्या प्रकल्पाला तीन धारिका पुरेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलच्या खुणांचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्या जेमतेम १८ होत्या आणि तेवढ्यांत महाजाल सुरू झाले.

ज्या साधनांवर आज मोठमोठी संकेतस्थळे उभी आहेत त्यांचा जन्मही अशाच एखाद्या छोट्या गरजेतून झालेला दिसतो. रास्मुस लेर्डोर्फ यांना आपला परिचय देणारे पान किती जण पाहतात हे मोजायचे होते. त्या १९९४ मधल्या खटाटोपातून पीएचपी निघाली. जँगो तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झाले, कारण बातमीदारीच्या वेळापत्रकात नवी पाने झटपट उभी करावी लागत.

उसाच्या बिलाचा प्रकल्प

वारणेच्या खोऱ्यात, किंवा ऊस पिकतो अशा कोणत्याही तालुक्यात, पहिला प्रकल्प म्हणून घेता येईल असे उदाहरण पाहू. केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा तो दर ठरला. उतारा याहून जितका अधिक, त्यातील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. उतारा कमी असेल तर त्याच प्रमाणात घट. मात्र साडेनऊ टक्क्यांखाली उतारा असलेल्या कारखान्यांच्या बाबतीत आणखी घट न करता ३२९ रुपये ५ पैसे हा दर कायम.

येथे विद्यार्थ्याला हिशेबाचा एक पूर्ण, बंदिस्त नियम मिळतो. उतारा ११.२५ टक्के असेल तर वाढ दहा टप्प्यांची, म्हणजे ३४ रुपये ६० पैसे. दर झाला ३८९ रुपये ६० पैसे क्विंटलला. शेतकरी बोलतो टनावर, म्हणून दहाने गुणून ३,८९६ रुपये. महाराष्ट्रात यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो. पानावर तीन रकाने ठेवायचे: वजन, उतारा, तोडणी-वाहतूक. खाली एक आकडा. एवढाच प्रकल्प.

दिसायला हा किरकोळ वाटतो, पण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ दडलेले आहे. रकाना रिकामा राहिला तर काय? कोणी वजनाच्या जागी 'चाळीस' असे अक्षरी लिहिले तर? साडेनऊच्या खालचा नियम विसरला तर पान हसतमुखाने चुकीचा आकडा दाखवील. पैशांचा हिशेब दशांशात ठेवला तर आणखी एक गंमत अनुभवास येते: जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेपटाला ४ लागलेली लांबलचक संख्या येते. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो, त्याचा हा परिणाम. म्हणून सर्व रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी आणि दाखवताना रुपयांत आणावी. पुस्तकात हे वाचून लक्षात राहत नाही. बिलात पैशाचा फरक पडला की राहते.

दुसरा टप्पा तारखांचा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास थकलेल्या रकमेवर दरसाल १५ टक्के व्याज द्यावे लागते. ऊस २० जानेवारी २०२६ रोजी गेला असेल तर मुदत ३ फेब्रुवारीला संपते. त्यानंतर एक लाख रुपये ३० दिवस थकले तर व्याज १,२३२ रुपये ८८ पैसे. महिना ओलांडणारी ही तारीख मुद्दाम निवडावी, कारण नवखे तेथेच अडखळतात: जावास्क्रिप्टमध्ये महिन्यांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून जानेवारीचा क्रमांक शून्य आणि फेब्रुवारीचा एक.

या नियमाची माहिती असलेले आणि तो कागदावर मांडू शकणारे शेतकरी घर फार थोडे. एफआरपी थकल्याच्या तक्रारी व आंदोलने पश्चिम महाराष्ट्राला नवी नाहीत, आणि अशा वेळी व्याजाचा आकडा नेमका किती हे सांगणारे साधे पान कोणाच्या तरी उपयोगी पडू शकते.

लागणीची नोंद हाही तितकाच चांगला विषय आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा हे चार प्रकार. प्रत्येकाची लागणीची वेळ वेगळी आणि पक्वतेचा काळ वेगळा. सुरू ऊस साधारण बारा महिन्यांत तयार होतो, आडसालीला सोळा ते अठरा महिने लागतात. लागणीची तारीख व प्रकार दिला की तोडणीचा अंदाजे महिना सांगायचा. निवडीची यादी, तारखेचा रकाना आणि अटींची रचना हे तिन्ही धडे यात आपोआप येतात.

मराठीची परीक्षा

हे पान इंग्रजीत केले तर ते वापरणाऱ्याच्या हाती पोचणार नाही. मराठीत करायचे तर त्याच्या स्वतःच्या अडचणी आहेत, आणि शिकवणी वर्गांत त्या क्वचितच सांगितल्या जातात. एके काळी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यासाठी त्या त्या वृत्तपत्राचा टंक उतरवून घ्यावा लागे. युनिकोडने तो त्रास संपवला. पानाच्या माथ्यावर यूटीएफ-८ ची सूचना आणि भाषेच्या जागी मराठीचा 'एमआर' हा संकेत घातला की अक्षरे नीट उमटतात.

अंक मात्र दगा देतात. रकान्यात कोणी '४२' असे देवनागरी अंक लिहिले, तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानतच नाही. पायथन मात्र तेच अंक बिनतक्रार वाचते. म्हणून हिशेबापूर्वी देवनागरी अंक बदलून घेणारे छोटे कार्य विद्यार्थ्याला स्वतः लिहावे लागते. दहा अंकांची अदलाबदल करणारे हे कार्य बहुतेकांचे पहिले खरेखुरे उपयुक्त कार्य ठरावे. उत्तर दाखवताना ब्राउझरमध्येच असलेली 'इंटल' ही सोय मराठी अंक आणि लाख-कोटींची स्वल्पविरामे दोन्ही देते.

शोध घेण्यात आणखी एक खोच आहे. 'शेतकऱ्याचे' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिला जातो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षरापासून, आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ऱ्हाटवळ' असे काही नाव यादीत असूनही सापडत नाही, याचे कारण बऱ्याचदा हेच असते. शोधण्याआधी दोन्ही रूपे एकसारखी करून घेणे हा त्यावरचा उपाय. तयार सांगाडा ही काळजी घेत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधनही ती न सांगता घेईल याचा भरवसा नाही.

साठ विद्यार्थी, साठ प्रकल्प

शिक्षकांची अडचण वेगळी. साठ जणांच्या वर्गाला एकच प्रकल्प दिला की दोन-तीन मूळ प्रती आणि उरलेल्या नकला हाती येतात. येथे प्रकल्प तयार करणारे साधन शिक्षकानेच लिहावे. पाच विषय घ्यावेत: ऊस, दूध संकलन, उपसा सिंचनाची पाणीपाळी, दुकानातील साठा, ग्रंथालय. त्यांवर चार कामे: नोंद घेणे, नोंद शोधणे, हिशेब करणे, पावती छापणे. आणि तीन अटी: जोडणी नसतानाही चालावे, मराठी अंक स्वीकारावेत, लहान पडद्याच्या मोबाइलवर दिसावे. पाच गुणिले चार गुणिले तीन, साठ प्रकल्प झाले. सांगाडा प्रत्येकाला सारखाच मिळाला तरी काम प्रत्येकाचे निराळे.

यातील दुधाचा विषय कोल्हापूरकरांच्या विशेष ओळखीचा आहे. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ, त्यांवरून दरपत्रकातला भाव, मग बिल. दरपत्रक हे आडव्या-उभ्या रकान्यांचे कोष्टक असल्याने त्यातून योग्य चौकोन शोधणे हा उत्तम अभ्यास होतो, आणि घरी येणाऱ्या दूध संस्थेच्या पावतीशी तो पडताळून पाहता येतो. शहरातल्या विद्यार्थ्याला ऊस-दूध परके वाटत असेल तर गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्क, भिशीचा हिशेब किंवा खानावळीचे खाडे हेही विषय तितकेच चालतात.

एक पथ्य पाळावे लागते. शेजारच्या शेतकऱ्याचे नाव, बँक खाते, सभासद क्रमांक अशी खरी माहिती सरावाच्या प्रकल्पात घालून तो महाजालावर टाकू नये. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झालेला आहे, आणि कायदा नसता तरी हे शोभणारे नव्हते. कल्पित नावे वापरावीत. खरी पावती फक्त आकडा पडताळण्यासाठी, तीही मालकाला विचारून, घ्यावी.

हा पडताळाच पहिल्या प्रकल्पाची शेवटची पायरी होय. पान मोबाइलवर उघडून ऊस गेलेल्या एखाद्या घरी न्यावे, त्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या मागून घ्याव्यात आणि आकडे घरच्या माणसालाच भरू द्यावेत. विद्यार्थ्याने त्या वेळी बोलू नये. कोणत्या रकान्यापाशी बोट थांबते, टनाच्या जागी क्विंटल लिहिले जाते का, कारखान्याच्या बिलाशी आकडा जुळतो का, एवढे वहीत टिपून घ्यावे. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसावे.